नाकावर उभं राहायचं तर

सर्फबोर्ड घ्यायला आलेला माणूस रंग बघतो, लांबी बघतो, बोर्ड काखेत धरून दुकानाच्या काचेत स्वतःलाही बघून घेतो. शेवटी दुकानदार विचारतो, फिन कुठली देऊ? उत्तर येतं, द्या कुठलीही. बोर्डाच्या पोटाखाली शेपटीकडे बसवायचा तो वीतभर पंख. पाण्याखाली जाणार, कुणाला दिसणार नाही, त्यावर कशाला डोकं चालवायचं? लाँगबोर्डवर, आणि त्यातही ज्याला बोर्डाच्या नाकावर जाऊन उभं राहायचंय त्याने, बोर्डाखालोखाल विचार करायचा तो फिनचाच, असं माझं ठाम मत आहे. बेताचा बोर्ड योग्य फिनवर निभावून जातो. उत्तम बोर्डाखाली भलतीच फिन असेल तर नाकापर्यंतची वाट अर्ध्यावरच संपते.

माझी पुण्याची भाची गेले काही हिवाळे गोव्याला, आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकते आहे. मध्यंतरी तिने मला एका कॅटलॉगचं पान पाठवलं. पानभर फिन्स, बहुतेकींना कुणा ना कुणा नामवंत सर्फरचं नाव, आणि खाली प्रश्न : "मावशी, मला नाकावर चालायचंय. यातली कुठली घेऊ?" मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते, कॉलेजात गणित शिकवते आणि सुट्टीच्या पहाटे सॅन ओनोफ्रेच्या पाण्यात असते. चाळिशी उलटल्यावर या नादाला लागले, त्यामुळे ताकदीवर काही जमत नाही. जे काही जमतं ते समजून घेतल्यावरच. मी तिला उलट विचारलं, "तुझ्या लाटेखाली पाणी किती असतं?" ती म्हणाली, "हे कुठून आलं मध्येच?" ते कुठून आलं हे सांगायला एक मेसेज पुरेना.

लाँगबोर्ड म्हणजे ढोबळमानाने ९ फूट किंवा त्याहून लांब, २२-२३ इंच रुंद, पुढे गोल नाकाचा बोर्ड. लाट पकडून उभं राहिल्यावर त्यावरचा सर्फर पायाला पाय ओलांडत पुढे चालत जातो. नाकाच्या कडेबाहेर एका पावलाची बोटं काढली की हँग फाइव्ह, दोन्ही पावलांची काढली की हँग टेन. दहाही बोटं पहिल्यांदा बाहेर काढण्याचा मान कॅलिफोर्नियाच्या डेल व्हेल्झीला दिला जातो, काळ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचा. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस पाण्यावरच चालतोय. करणाऱ्याला पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं, कारण पुढे बोर्ड संपलेला असतो आणि खाली नुसता उतार दिसतो.

आता खरा प्रश्न असा की बोर्ड उलटत का नाही? बाकाच्या एका टोकाला कुणी बसलं की दुसरं टोक उचललं जातं. इथेही तेच व्हायला हवं. ते होत नाही, कारण दुसऱ्या टोकावरही कुणीतरी बसलेलं असतं. तिथे पाणी बसलेलं असतं. लाट जिथे फुटायला लागलेली असते त्याला अगदी लागून असलेल्या उभ्या चढाला सर्फर पॉकेट म्हणतात. बोर्डाची शेपूट या पॉकेटमध्ये रुतलेली असेल, तर कोसळणारं पाणी शेपटीवरून वाहतं आणि तिला खाली दाबून धरतं. त्याच वेळी लाटेच्या अंगावरून वर चढणारं पाणी रुंद नाकाखाली भरतं आणि नाकाला उचलून धरतं. नोजरायडर म्हणून विकल्या जाणाऱ्या बोर्डांना नाकाखाली उथळ खोलगट भाग दिलेला असतो तो याचसाठी. शेपटीच्या कडाही गोलसर ठेवतात. गोल कडेला पाणी चिकटून वळतं आणि कडेला लाटेत ओढून घेतं. धारदार कडेवरून ते सुटून जातं.

म्हणजे सगळा खेळ शेपूट पॉकेटमध्ये राहण्याचा. तिथून ती घसरली की वरचं पाणी गेलं, आणि पाणी गेलं की तुम्ही गेलात. फिनचं काम इथे सुरू होतं. पुष्कळांना फिन म्हणजे सुकाणू वाटतं. सुकाणू वळवता येतं, फिन जागच्या जागी घट्ट असते. बोर्ड लाटेच्या अंगावर आडवा धावत असताना वजनामुळे शेपटीला उतारावरून खाली घसरायचं असतं. लाटेतून वर चढणारं पाणी फिनच्या अंगावर थोडं तिरकं येऊन आपटतं, आणि विमानाच्या पंखाला जसा पाण्याऐवजी हवेचा रेटा मिळतो तसाच रेटा फिनला मिळतो, फक्त तो वर नसून लाटेच्या पोटाकडे असतो. शेपूट जागेवर राहते. फिन माणसाचं वजन पेलत नाही. वजन पेलतं ते पाणी. ते पाणी शेपटीवर पडत राहावं अशा जागी फिन शेपटीला धरून ठेवते.

फिन आणखी एक उपकार करते, जो वेगाच्या भोक्त्यांना दोष वाटतो. ती बोर्डाला थोपवते. नाकावर राहायचं तर बोर्डाने लाटेच्या पुढे पळून चालत नाही. लाटेचा जो वेग तोच त्याचा. म्हणूनच जाणते सर्फर पुढे जाण्याआधी एक पाऊल मागे घेतात, शेपूट दाबून बोर्ड मंद करतात, लाटेला अंगावर येऊ देतात, आणि मगच चालू लागतात. मोठी, जाड, उभी फिन या मंदपणाला मदत करते. हा मंद माणसांचा खेळ आहे, आणि मला तो आवडण्यामागे हेही एक कारण असावं.

गंमत म्हणजे हजारभर वर्षं लाटांवर स्वार होणाऱ्या हवाईच्या लोकांचं फिनवाचून काही अडलं नव्हतं. त्यांचे लाकडी बोर्ड खालून सपाट किंवा किंचित फुगीर असत, आणि आडवं जाताना शेपूट घसरायची ती पायाने सावरून घ्यायची. १९३५ साली वायकीकीला टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन सर्फरने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीच्या तळाची पट्टी काढून आपल्या बोर्डाखाली बसवली. साधारण फूटभर लांब, चारेक इंच खोल. ही पहिली फिन. पण लगेच सगळ्यांनी ती उचलली असं झालं नाही. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, हवाईतच जॉन केली, वॉली फ्रोइसेथ आणि फ्रॅन हीथ या तरुणांनी घसरणाऱ्या शेपटीवर निराळाच तोडगा काढला : शेपूटच तासून अरुंद केली आणि तिचा तळ इंग्रजी व्हीसारखा केला. त्या बोर्डांना हॉट कर्ल म्हणतात. ब्लेकचा तोडगा सर्वमान्य व्हायला पुढचं दशक उजाडावं लागलं. ब्लेकच्या फिनची मापं मात्र लक्षात ठेवा. लांबी जास्त, खोली कमी. उथळ पाण्याचा विषय निघाला की ती परत कामाला येणार आहेत.

१९६०च्या दशकात नोजरायडिंगने कॅलिफोर्नियाला झपाटून टाकलं. १९६५ मध्ये व्हेंचुरा इथे टॉम मोरीने फक्त नोजरायडिंगची स्पर्धा भरवली. मोरी गणिताचा पदवीधर, त्यामुळे माझा त्याच्यावर विशेष लोभ आहे. पंचांनी शैली बघून गुण द्यायचे, ही नेहमीची पद्धत त्याला पटत नव्हती. त्याने बोर्डाचा पुढचा पाव भाग रंगवायला लावला आणि घड्याळ घेऊन बसला : त्या रंगलेल्या भागावर जो जास्त वेळ उभा राहील तो जिंकला. रोख बक्षिसं ठेवलेल्या पहिल्यावहिल्या सर्फिंग स्पर्धांत हिची गणना होते. मिकी मुनोझ जिंकला. हाच मोरी त्या काळात काढता-घालता येणाऱ्या फिन्सच्या मागे लागला होता, आणि पुढे पोटावर झोपून लाटेवर जायचा बूगी बोर्ड काढला तोही त्यानेच. काढता-घालता येणाऱ्या फिन्स येईपर्यंत फिन बोर्डाला काचतंतूंनी कायमची चिकटवलेली असायची. बदलून बघणं हा प्रकारच नव्हता. एखाद्याची फिन चुकली असेल तर त्याला वाटायचं, आपले पायच वाईट.

मग आलं १९६६. सॅन डिएगोला जागतिक स्पर्धा. एकीकडे डेव्हिड नुइवा, नाकावर उभं राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही असं सगळे म्हणत, आणि जिंकणार तोच असंही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाचा अठरा वर्षांचा नॅट यंग, स्वतः बनवलेला ९ फूट ४ इंचांचा बोर्ड घेऊन. बोर्ड त्या काळाच्या मानाने पातळ होता, पण बघण्यासारखी होती ती त्याची फिन. सँटा बार्बराच्या जॉर्ज ग्रीनोने ट्यूना माशाच्या शेपटीकडे बघून अरुंद, मागे झुकलेली, टोकाला लवचीक अशी फिन काढली होती. यंगच्या बोर्डाखालची फिन त्याच विचाराची. वळताना ती वाकायची आणि सरळ होताना बोर्डाला पुढे ढकलायची. नुइवा नाकावर गेला, उभा राहिला, लोकांनी श्वास रोखले. यंग मात्र लाटेवर वर-खाली वळत सुटला, जिथे लाट सर्वांत जोरकस तिथे परत परत गेला, आणि स्पर्धा जिंकला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बोर्ड तीन-तीन फुटांनी आखूड झाले, आणि नाकावर उभं राहणं हे म्हाताऱ्यांचं काम ठरलं. लाँगबोर्ड पुन्हा मानाने पाण्यात उतरायला १९८०-९०चं दशक यावं लागलं. त्यात जोएल टुडरसारख्या तरुणांचा वाटा मोठा.

हा इतिहास मी भाचीला मुद्दाम सांगितला, कारण आजच्या कॅटलॉगची सगळी पानं त्या एका स्पर्धेत मावतात. एका टोकाला उभी, रुंद, टोकालाही मांसल अशी पिव्हट फिन. बोर्ड शेपटीवरून गरकन फिरवायचा आणि मग नाकावर जायचं, यासाठी ती. तिचं क्षेत्रफळ सरळ खाली, खोलवर गेलेलं असतं. आपण नाकावर गेलो की शेपूट थोडी उचलते, बुडाजवळचा भाग फेसात येतो, पण टोक अजून घट्ट पाण्यात असतं. पकड सुटत नाही. दुसऱ्या टोकाला ग्रीनोच्या जातीची, बुडाशी रुंद पण टोकाला निमुळती, मागे झुकलेली फिन. लांब पल्ल्याच्या वळणांना ती छान, नाकावर जरा हलकी. मधल्या सगळ्या फिन्स म्हणजे या दोघींमधल्या तडजोडी, नाव कुणाचंही छापलेलं असो. त्या काळातली हॅचेट फिनही, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी टोकाला रुंद, पकडीच्याच हव्यासातून आलेली. दिसायला झोकदार आहे. मी ती भिंतीवर लावीन, बोर्डाखाली नाही.

खोली किती? प्रचलित अंदाज असा की बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. साडेनऊ फुटी बोर्डाला साडेनऊ इंची. नोजरायडिंगला लोक त्यात अर्धा इंच वाढवतात, अंगाने हलकी व्यक्ती असेल तर तेवढाच कमी करतात. दहा इंच म्हणजे २५ सेंटिमीटर. हा आकडा खोल पाण्यात निरुपद्रवी आहे. उथळ पाण्यात नाही.

सॅन ओनोफ्रे हा लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांच्या साधारण मधला किनारा. जमीन मरीन सैन्याची. १९७१ पासून हा पट्टा राज्याचा सार्वजनिक किनारा म्हणून खुला आहे. १९३०च्या दशकापासून इथे लोक लाटांवर येतात, १९५२ मध्ये इथला सर्फिंग क्लब निघाला. मागे बंद पडलेल्या अणुवीज केंद्राचे दोन घुमट वर्षानुवर्षं दिसत आले. पार्किंग मातीचं, त्याला लागून वाळू, आणि वाळूपुढे गोटे. इथला एक भाग ओल्ड मॅन्स म्हणूनच ओळखला जातो : लाट लांबवर फुटते, सावकाश, भरपूर वेळ देत, आणि मग किनाऱ्यापर्यंत पसरट होत येते. नोजरायडिंगला याहून दयाळू लाट शोधून सापडायची नाही. फक्त खाली नारळाएवढे गोटे आहेत, आणि ओहोटीला ते वर येतात.

लाट कुठे फुटते याचं एक जुनं गणित आहे. १८९४ मध्ये मॅकॉवन नावाच्या गणितज्ञाने दाखवलं की एकट्या लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या ०.७८ पट झाली की ती फुटते. खरा समुद्र इतका आज्ञाधारक नसतो, तळाचा उतार तीव्र असेल तर हे प्रमाण वाढतं, पण अंदाजाला पुरतं. कमरेएवढी, म्हणजे ९० सेंटिमीटरची लाट साधारण ११५ सेंटिमीटर पाण्यात फुटणार. बोर्डाखाली पाव मीटरची फिन असली तरी तिथे काळजी नाही. काळजी पुढे आहे. लाट फुटल्यावर आपण किनाऱ्याकडे सरकत असतो, खोली कमी होत असते, शिवाय लाटेच्या अगदी पुढचं पाणी मागे ओढलं गेल्यामुळे तिथली खोली नेहमीपेक्षा आणखी उणी असते. गुडघाभर वाटणारं पाणी ऐन वेळी पोटरीभर भरतं. फिन गोट्यावर आपटली की बोर्ड जागच्या जागी थांबतो. नाकावर उभा असलेला माणूस थांबत नाही.

आणि नुकसान फिनचं झालं तर ते स्वस्तातलं. टोकाचा टवका उडतो, पॉलिश पेपरने घासून काम भागतं. जबर धडकेत मात्र फिन बसवायचा खाचेचा डबा, ज्याला फिन बॉक्स म्हणतात, तोच बोर्डातून उचकटतो, आत पाणी शिरतं आणि कारागिराकडे जावं लागतं. कायमची चिकटवलेली फिन असेल तर शेपटीचा तुकडाच निघू शकतो. म्हणून उथळ जागी मी जुन्या पद्धतीच्या चिकटवलेल्या फिन्सच्या वाट्याला जात नाही, त्या कितीही देखण्या असल्या तरी.

मग ओहोटीला करायचं काय? खोली दीड-दोन इंच कमी करायची आणि जाईल तेवढं क्षेत्रफळ बुडाची लांबी वाढवून परत मिळवायचं : आठ-साडेआठ इंच खोल, बुडाशी चांगली रुंद फिन. इथे ब्लेकची ती स्पीडबोटीची पट्टी आठवावी. चार इंच खोलीतही तिने शेपूट धरली, कारण ती फूटभर लांब होती. पण हा सौदा फुकट नाही. तेवढंच क्षेत्रफळ कमी खोल आणि जास्त लांब करून वापरलं की टोकाखालून पाणी निसटायला जास्त वाव मिळतो, रेटा कमी पडतो. नाकावर गेल्यावर खालची पकड पातळ झालेली पायांना कळते. माझा नियम साधा आहे. तळाचे गोटे उघडे पडायला लागले की छोटी फिन, आणि त्या दिवशी नाकावर दोन-तीन श्वास मिळाले तरी समाधान मानायचं. कॅलिफोर्नियातली सर्वांत नीचांकी ओहोटी हिवाळ्यात दुपारी येते, तेव्हा तर मी पाण्यात जाण्यापेक्षा खडकांतले खेकडे बघणं पसंत करते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर मिळतं. माझे वडील रत्नागिरीचे. ते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे : चतुर्थी असेल तर चाराचे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. ही रीत आपल्या कोकणपट्टीपुरती. प्रत्येक किनाऱ्याचा चंद्राशी हिशेब वेगळा, त्यामुळे सॅन ओनोफ्रेला ती लागू पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग मात्र इथेही तसाच. फिन निवडताना मी तिथी बघते हे इथल्या माझ्या मित्रमैत्रिणींना अजून विनोद वाटतो.

गोट्यांखेरीज दोन गोष्टी. एक केल्प, म्हणजे लांबच लांब पट्ट्यांची समुद्री वनस्पती. बाहेर तिची रानं आहेत आणि तुटलेल्या पट्ट्या लाटांबरोबर आत येतात. उभ्या पिव्हट फिनला ती अडकून बसते. मागे झुकलेल्या फिनवरून घसरून जाते. केल्प फार असेल त्या दिवशी नोजरायडिंगचा हट्ट असला तरी मी थोडी झुकलेली फिन लावते. पकड जरा कमी, पण बोर्ड अचानक अडत नाही. दुसरी गोष्ट पाकट. उथळ वाळूत ती अंग पुरून बसलेली असते आणि पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. म्हणून बोर्डावरून उतरल्यावर पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूतून फरफटत न्यायचे. चाहूल लागली की ती निघून जाते. पडायची वेळ आली तर डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, अंग पसरून पडायचं. आणि वर येताना एक हात डोक्यावर ठेवायचा, कारण बोर्ड जवळच कुठेतरी उलटा असतो आणि फिन वर असते.

आता ज्याच्याकडे कॅटलॉग ढुंकूनही बघत नाही ते : फिन बॉक्समध्ये कुठे बसवायची. लाँगबोर्डची खाच सुमारे दहा इंच लांब असते, आणि फिन तिच्यात पुढे-मागे सरकवता येते. मागे नेली तर बोर्ड सरळ आणि स्थिर, पकड जास्त. पुढे आणली तर वळायला मोकळा, पण शेपूट निसटायला अधीर. माझा अनुभव असा, की आठ आण्याइतकी जागा बदलल्याने जो फरक पडतो तो नवी फिन विकत घेऊन पडत नाही. आधी मधोमध लावा. शेपूट सुटते असं वाटलं तर पाव इंच मागे. बोर्ड वळायलाच तयार नाही असं वाटलं तर पाव इंच पुढे. एका वेळी एकच बदल करा आणि समुद्र साधारण तसाच असेल त्या दिवशी ताडून बघा. लाट, फिन आणि जागा, तिन्ही एकदम बदलून कारण शोधणाऱ्यांना माझ्या वर्गात मी नापास करते.

मधल्या फिनच्या दोन्ही बाजूंना लहान फिन्स लावायच्या खाचाही हल्लीच्या बऱ्याच बोर्डांना असतात. मोठ्या, उभ्या लाटांत त्या कडेला आधार देतात आणि मधली फिन सात इंचांपर्यंत लहान करता येते. छोट्या लाटांत नाकावर जायचं असेल तर मी त्या काढून ठेवते. बोर्ड मऊ चालतो. उथळ जागी मात्र त्यांचा खरा उपयोग असतो, हे मान्य : मधली फिन आखूड ठेवून गेलेली पकड थोडी कडेच्या फिन्सकडून वसूल करता येते.

साहित्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काचतंतूंचे थर घट्ट दाबून केलेली फिन घ्या. तिची पुढची धार गोलसर आणि मागची पातळ असावी, दोन्ही बाजू सारख्या फुगीर असाव्यात. दुकानातच डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. टोक बोटांनी वाकवून बघा. नोजरायडिंगला फार लवणारं टोक नको. मऊ शिकाऊ बोर्डांबरोबर येणारी प्लॅस्टिकची फिन बोथट आणि लेचीपेची असते, आणि शिकणाऱ्याच्या पायाला लागली तर कापत नाही, म्हणून तिथे तीच बरी.

भाचीचा प्रश्न एवढ्या फेऱ्यानंतर सोपा झाला. आश्वे-मांद्रेला तळ वाळूचा, गोट्यांची धास्ती नाही; लाट लहान आणि आखूड, सॅन ओनोफ्रेसारखी दूरवर उलगडत जाणारी नाही. गोव्यातला भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या निम्म्याच्याही आत, त्यामुळे पाण्याची खोली दिवसभरात त्या मानाने कमी बदलते. तिचा बोर्ड ९ फूट २ इंचांचा, ती अंगाने हलकी. मी लिहिलं, "नऊ इंची पिव्हट घे, टोकाला फार जड नसलेली. नामवंताचं नाव नसेल तर उत्तम, पैसे वाचतील. आधी ती मधोमध लाव." तिचं उत्तर आलं, "आणि आखूड लाटेवर नाकापर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही तर?" रास्त शंका आहे. तिथे फिन काही करू शकत नाही. अशा लाटेवर दोन पावलं पुढे जाऊन बोर्डाच्या मध्याच्या थोडं पुढे उभं राहावं आणि शेपूट धरली जाते आहे ना ते पावलांना कळू द्यावं. खडकाळ टोकाला वळसा घालून येणारी, एका बाजूने हळूहळू उलगडणारी लाट मिळेल तेव्हा उरलेली वाट पायांना आपोआप सापडते.

मी येत्या हिवाळ्यात येईन तेव्हा फिन तिच्यासाठी घेऊन येणार आहे, कपड्यांत गुंडाळून, मोठ्या बॅगेत. बरोबर तीन-चार जादा स्क्रू आणि त्यांच्या छोट्या चौकोनी चकत्याही. चकती खाचेच्या मधल्या तोंडातून आत सोडायची, काडीने पुढे सरकवायची, फिनच्या बुडाची मागची पिन आधी खाचेत घालायची, आणि मग पुढून स्क्रू आवळायचा, दात ओठ खाऊन नव्हे, बसेल इतकाच. खाऱ्या पाण्यात तो धरतो, म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन अधूनमधून सैल करायचा. आणि हे काम वाळूत बसून करायचं नाही. खाली टॉवेल अंथरायचा. वाळूत पडलेली चकती मला आजवर एकदाही सापडलेली नाही.